कायदा आणि सामाजिक न्यायाच्या रिसर्च ग्रुपमध्ये पहिल्यांदाच जाताय? मग हे आधी वाचा

लॉच्या मास्टर्सला असताना मी विद्यापीठातल्या अशा एका ग्रुपमध्ये शिरले आणि पुढची चार वर्षं तिथे होते. त्या काळात एक रिपोर्ट पूर्ण झाला, दोन पेपर झाले आणि एक प्रोजेक्ट अर्ध्यात बंद पडला. बंद पडला तो अभ्यास कमी पडला म्हणून नाही, तर सुरुवातीला जे बोलून कागदावर घ्यायला हवं होतं ते कुणी घेतलंच नाही म्हणून. प्रत्येकजण मनात वेगळं काहीतरी धरून बसला होता आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता नवीन मुलंमुली तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

असा ग्रुप म्हणजे लीगल एड क्लिनिक नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. क्लिनिकमध्ये समोर एक माणूस असतो आणि त्याची केस सोडवायची असते. ग्रुपमध्ये तीच अडचण शेकडो लोकांना का येते ते शोधायचं असतं. जामीन मंजूर होऊनही माणसं तुरुंगात का राहतात, घर खाली करायच्या केसेसमध्ये भाडेकरूकडे वकील असला तर निकालात काय फरक पडतो, असे प्रश्न. हे एकट्या लॉवाल्याला जमत नाही. त्यासाठी समाजशास्त्रवाले लागतात, आकडे कळणारा कुणीतरी लागतो, त्या लोकांसोबत रोज काम करणारी संस्था लागते आणि सगळ्यात आधी ती माणसं स्वतः लागतात.

ही पद्धत काही आजची नाही. १९०८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मुलर विरुद्ध ओरेगन या खटल्यात वकील लुई ब्रँडाइस यांनी बायकांच्या कामाच्या तासांवर जो ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, दाखल केला तो शंभरहून जास्त पानांचा होता आणि त्यात निव्वळ कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानं. बाकी सगळे कारखाना-निरीक्षकांचे, डॉक्टरांचे आणि कमिट्यांचे रिपोर्ट. या ब्रीफकडे आपण पुढे परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

१. ग्रुप निवडताना शेवटचं काम बघा

नावांची लांबलचक यादी बघून हुरळून जाऊ नका. एकच प्रश्न विचारा, "तुमचं शेवटचं पूर्ण झालेलं काम कोणतं आणि ते आता कुठे वाचायला मिळेल?" उत्तर चटकन मिळालं तर चांगलं लक्षण. "सध्या बरंच काही चालू आहे" असं मिळालं तर थोडं थांबा.

दुसरं म्हणजे ग्रुप सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. आत असलेला माणूस मोकळेपणाने बोलेलच असं नाही, बाहेर पडलेला बोलतो. त्याला तीन गोष्टी विचारा : मिटिंग ठरलेल्या दिवशी होते का, विद्यार्थ्याने केलेल्या कामावर त्याचं नाव येतं का, आणि सर-मॅडमना चूक दाखवली तर ते ऐकून घेतात का. पैसा कुठून येतो तेही विचारा. फंड देणाऱ्याला निष्कर्ष छापण्याआधी थांबवायचा हक्क असेल तर ते तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत पाहिजे.

२. पहिल्या मिटिंगमध्ये शब्द जुळवून घ्या

हे कुणी सांगत नाही आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. आमच्या पहिल्या मिटिंगमध्ये दोन तास "पुरावा" या एका शब्दावर गेले. मी म्हणत होते याला काही पुरावा नाही, आणि शेजारी बसलेली समाजशास्त्राची मैत्रीण म्हणत होती की अगं वीस मुलाखती समोर आहेत. माझ्या डोक्यात पुरावा म्हणजे कोर्टात टिकेल तो, शपथेवर दिलेला, उलटतपासणीतून गेलेला. तिच्या डोक्यात, पद्धतशीर गोळा केलेलं आणि पुन्हा पुन्हा दिसणारं काहीही. दोघी आपापल्या जागी बरोबर होतो, पण तोपर्यंत आवाज चढले होते.

"केस"चं तसंच. लॉवाल्यांसाठी केस म्हणजे खटला, समाजकार्यवाल्यांसाठी केस म्हणजे एक माणूस किंवा एक कुटुंब. एका माणसाचे तीन खटले चालू असतील तर आपल्याकडे केसेस किती, एक की तीन? हे ठरलेलं नसेल तर सगळी मोजणी चुकते.

म्हणून पहिल्याच दिवशी एक साधी शेअर्ड फाइल उघडा आणि दहा-बारा शब्दांचे अर्थ लिहून टाका. पुरावा, केस, तडजोड, पीडित, पक्षकार, निकाल, विलंब. यातला "विलंब" मोजायचा कुठून, तक्रार दिली त्या दिवसापासून की खटला दाखल झाला त्या दिवसापासून, हेसुद्धा लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण करा.

३. प्रश्न लहान करा

"कायदा आणि गरिबी" हा विषय झाला, प्रश्न नाही. "अमुक कोर्टात तीन वर्षांत भाडेकरूविरुद्धच्या किती दाव्यांत प्रतिवादी एकदाही हजर झाला नाही आणि का" हा प्रश्न. उत्तर मिळालं तर ते कुणाच्या कामाचं आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर अजून लहान करा.

आणि हा प्रश्न ठरवताना ज्यांच्याबद्दल तो आहे त्यातलं कुणीतरी खोलीत असू दे. प्रश्न आपण ठरवून नंतर त्यांना "सहभागी" करून घेणं म्हणजे त्यांच्याकडून फक्त माहिती काढून घेणं आहे, मग त्याला नाव काहीही द्या.

४. काम सुरू करण्याआधी आपसातला कागद करा

माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं असेल तर ते हेच. आपली माणसं आहेत, विश्वास आहे, कागद कशाला, असं वाटतं. आमचा जो प्रोजेक्ट बुडाला तो याच वाटण्यापायी. सोबतची संस्था धरून चालली होती की रिपोर्ट आधी त्यांच्या मोहिमेत वापरला जाणार, आमचे प्रोफेसर धरून चालले होते की आधी जर्नलमध्ये जाणार, आणि जर्नलचं म्हणणं होतं की आधी कुठेही छापलेलं चालणार नाही. मुलाखती झालेल्या, टाइप केलेल्या, सगळं तयार, आणि ते तसंच पडून राहिलं. ज्या लोकांनी आपला दिवस मोडून आमच्याशी बोलणं केलं त्यांच्या हातात काहीच पडलं नाही. ते मला आजही लागतं.

दोन पानांचा कागद पुरतो. त्यात एवढं असू दे :

- लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येणार आणि तो क्रम बदलायचा तर कसा
- मुलाखती आणि डेटा कुणाच्या ताब्यात राहणार, प्रोजेक्ट संपल्यावर किती वर्षं ठेवणार, कधी नष्ट करणार
- आधी कुठे छापणार, संस्थेला कधी वापरता येणार
- पत्रकाराने फोन केला तर कोण बोलणार
- कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याच्या कामाचं काय
- निष्कर्ष संस्थेला गैरसोयीचे निघाले तर काय करायचं

शेवटचा मुद्दा बोलायला अवघड आहे म्हणूनच तो आधी बोला. संस्था म्हणेल की ही गोष्ट छापली तर समोरचा पक्ष कोर्टात आमच्याविरुद्ध वापरेल, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. आम्ही नंतरच्या प्रोजेक्टमध्ये असं ठरवलं की संस्थेला मसुदा तीस दिवस आधी मिळेल, त्यांचं उत्तर आम्ही रिपोर्टमध्येच छापू, पण निष्कर्ष काढून टाकायचा हक्क कुणालाच नाही. हे सगळ्यांना पटलं कारण तेव्हा निष्कर्ष काय येणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

नावांच्या बाबतीत आता त्या ब्रीफकडे या. ती शंभर पानं भरणारी माहिती गोळा केली ती मुख्यतः जोसेफिन गोल्डमार्क यांनी, नॅशनल कन्झ्युमर्स लीग या अमेरिकी संघटनेतल्या आपल्या सहकारी बायकांना हाताशी घेऊन. तरी आजही लॉच्या वर्गात तो ओळखला जातो "ब्रँडाइस ब्रीफ" म्हणूनच. ग्रुपमध्ये कनिष्ठांच्या वाट्याला हेच येतं. रात्र रात्र निकाल वाचणारी विद्यार्थिनी, मुलाखतीला सोबत येणारी कार्यकर्ती, भाषांतर करणारा मुलगा, यांची नावं आभारात एका ओळीत संपतात. हल्ली बरीच जर्नल्स क्रेडिट (CRediT) नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात, त्यात कल्पना कुणाची, डेटा कुणी गोळा केला, विश्लेषण कुणी केलं, पहिला मसुदा कुणी लिहिला असं वेगवेगळं नोंदवता येतं. ती यादी पहिल्याच महिन्यात भरा आणि दर तीन महिन्यांनी उघडून बघा.

५. एथिक्सची परवानगी, आणि गोपनीयतेचं वचन

जिवंत माणसांशी बोलणार असाल तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी लागते. मुलाखती उरकून मग अर्ज केला तर चालत नाही, तो डेटा वापरता येत नाही. साधारण हे कागद लागतात, तुमच्याकडचा नेमका नमुना ऑफिसमधून घ्या :

- संशोधनाचा आराखडा, चार-पाच पानांचा
- माहितीपत्रक, मुलाखत देणाऱ्याच्या भाषेत
- संमतीपत्र, आणि सही करता न येणाऱ्यांसाठी तोंडी संमतीची पद्धत
- मुलाखतीचे प्रश्न
- डेटा कुठे, कसा, किती काळ ठेवणार याची योजना
- सोबतच्या संस्थेचं पत्र
- मुलाखतीत कुणाला त्रास झाला तर मदत कुठून देणार

कमिटीचे प्रश्न म्हणजे आडकाठी असं समजू नका. माणसांवरच्या संशोधनाबद्दलच्या १९७९ च्या अमेरिकी बेल्मोंट अहवालात तीन तत्त्वं सांगितली आहेत, माणसांचा आदर, हित आणि न्याय. त्यातलं न्यायाचं तत्त्व म्हणजे संशोधनाचा भार एका गटाने उचलायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा असं होता कामा नये. आपल्या विषयात तर हे जास्तच लागू.

आता सगळ्यात मोठा सापळा. संमतीपत्रावर "तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील" असं लिहू नका. कायद्याच्या विषयावर काम करताना हे वचन तुमच्या हातात नसतं. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्या लोकांच्या मुलाखती टेप केल्या होत्या, आणि बोलणारे या समजुतीत होते की मरेपर्यंत त्या बाहेर येणार नाहीत. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी समन्स निघाले आणि कोर्टात लढून झाल्यावर काही टेप द्याव्या लागल्याच. म्हणून असं लिहा की कोर्टाचा आदेश आला किंवा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेली गोष्ट निघाली तर आम्हाला सांगावं लागेल. लहान मुलांवरच्या अत्याचाराबद्दल अनेक देशांत असं बंधन आहे, तुमच्याकडे काय आहे ते आधी तपासा. आणि मुलाखतीत ज्याची गरज नाही ते विचारूच नका. जे आपल्याकडे नाही ते कुणी मागू शकत नाही.

६. निकाल वाचणं आणि कोडिंग

लॉवाल्यांना वाटतं हे आपलं घरचं काम. नाही. पन्नास निकाल वाचून मत बनवणं वेगळं आणि पन्नास निकालांत एकच गोष्ट एकाच पद्धतीने शोधणं वेगळं.

आधी हे ध्यानात घ्या की छापून आलेले निकाल म्हणजे भांडणांचा वरचा पातळ थर. बहुतेक भांडणं कोर्टात जातच नाहीत, गेलेली मिटतात, आणि अपिलात तर मोजकीच पोचतात. कायद्याचे अमेरिकी अभ्यासक मार्क गॅलँटर यांनी १९७४ साली दाखवलं की कोर्टात पुन्हा पुन्हा येणारे पक्षकार, म्हणजे कंपन्या, बँका, सरकारी खाती, यांना आयुष्यात एकदाच येणाऱ्यापेक्षा जास्त फायदा असतो, आणि त्यातला एक फायदा हा की कोणती केस मिटवायची आणि कोणती लढवून निकाल घ्यायचा हे त्यांना निवडता येतं. म्हणजे तुमच्यासमोर आलेले निकालसुद्धा कुणीतरी निवडलेले असू शकतात. "कोर्ट असं म्हणतं" असं लिहिण्याआधी याचा विचार करा.

मग कोडबुक बनवा, म्हणजे प्रत्येक निकालात काय शोधायचं आणि ते कसं नोंदवायचं (यालाच कोडिंग म्हणतात) याचे नियम. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक निकाल, एका कॉलमात एक प्रश्न. आमचा एक कॉलम होता "वकील होता का : हो / नाही". यापेक्षा सोपा कॉलम काय असणार असं वाटलं होतं. मी आणि ग्रुपमधल्या माझ्या सोबत्याने तेच ३० निकाल वेगवेगळे बसून भरले आणि ताडून बघितले तर त्या एका कॉलमात नऊ ठिकाणी फरक. मी आदेशात "वकील हजर" दिसलं की हो लिहीत होते. तो पुढे वाचत होता, आणि कितीतरी ठिकाणी तो वकील त्याच सकाळी नेमलेला, कागद न बघता फक्त पुढची तारीख मागून गेलेला. तो तिथे "नाही" असं लिहीत होता. शेवटी आम्ही कॉलमच फोडला, वकिलाचं नाव आहे का, वकिलाने काही युक्तिवाद केला का. आमच्या पेपरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या भांडणातून निघाली.

तर पद्धत अशी : दोघांनी तेच २०-३० निकाल एकमेकांना न विचारता भरायचे, ताडायचे, नियम सुधारायचे, पुन्हा नवीन निकालांवर करायचं. जुळणी किती होते ते मोजायला कोहेनचा कप्पा (Cohen's kappa) नावाचं माप वापरतात, आकडेवाला माणूस ते पाच मिनिटांत काढून देईल. कोडबुक बदललं की तारीख टाकून नवीन नावाने सेव्ह करा, जुनी फाइल पुसू नका.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि ग्रुपची सामायिक लायब्ररी करता येते. एवढं पुरे, टूल्सच्या मागे लागू नका.

७. माणसांशी बोलताना

एका बाईंची मुलाखत मला कायम आठवते. त्यांनी प्लास्टिकची पिशवी उघडली आणि आतून कोर्टाचे कागद काढून एकेक घडी उलगडत पलंगावर लावले, तारखेप्रमाणे नाही तर कुठल्या दिवशी कोण सोबत आलं होतं त्याप्रमाणे. हा भाऊ आला होता तेव्हाचा, हा मी एकटी गेले तेव्हाचा. मी माझे प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, आणि शेवटी त्यांनी मला विचारलं, "तुमचं लिहून झाल्यावर माझ्या तारखेला कोण येणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असू दे. मुलाखतीला जाताना मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते त्याची ताजी यादी छापून सोबत न्या, आणि नंबर आधी स्वतः लावून बघा, यादीतले निम्मे नंबर बंद असू शकतात. मुलाखत सुरू होतानाच स्पष्ट सांगा की मी तुमची वकील नाही, माझ्याशी बोलून तुमच्या खटल्यात फरक पडणार नाही. आणि सल्ला देऊ नका. लॉचे विद्यार्थी इथे हमखास घसरतात, समोरचा माणूस अडचणीत दिसतो आणि तोंडातून "तुम्ही असा अर्ज करा ना" निघून जातं. त्याच्या वकिलाची काहीतरी वेगळी आखणी असू शकते आणि तुमच्या एका वाक्याने ती बिघडू शकते.

नाव लपवण्याबद्दल एक गोष्ट आपल्या विषयात फार धोक्याची आहे. नाव बदललं, गाव बदललं, वय बदललं, आणि मग त्यांच्याच खटल्याच्या निकालातलं एक सुंदर वाक्य अवतरणात टाकलं. झालं. ते वाक्य सर्चमध्ये टाकलं की निकाल उघडतो आणि निकालात खरं नाव असतं. मुलाखत दिलेल्या माणसाच्या निकालातून शब्दशः काहीच घेऊ नका, आपल्या शब्दांत सांगा. खटल्याचं साल, कोर्ट आणि नोकरी या तीन गोष्टीसुद्धा एकत्र दिल्या तर ओळखीचा माणूस बरोबर ओळखतो.

रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवू नका. त्याच दिवशी एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर टाका, मोबाइलमधून पुसा, आणि क्लाउड बॅकअप आपोआप चालू आहे का ते बघा, तिथे कॉपी राहून जाते. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी वेगळी, डेटापासून लांब.

८. छापण्याआधी परत जा

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. त्यांच्या एका नेत्याचं म्हणणं असं होतं की खिडकीतून नको, दारातून या. दारातून गेलेल्या माणसाने जाताना पण दारातूनच, सांगून जायचं असतं.

परत जाणं म्हणजे छापील रिपोर्ट पोस्टाने पाठवणं नाही. मसुदा कच्चा असतानाच जा, बदल करता येतील तेव्हा. दोन पानांचा सोप्या भाषेतला सारांश करा, वाचता न येणाऱ्यांसाठी वाचून दाखवा, आणि "काही चुकलंय का" असं मोघम न विचारता एकेक निष्कर्ष सांगून "हे तुमच्या बाबतीत असंच झालं का" असं विचारा. मोघम प्रश्नाला लोक बरंय म्हणतात आणि गप्प बसतात.

आम्ही असंच वाचून दाखवत होतो. "तडजोडीने मिटलेली प्रकरणं" असं एका भागाचं शीर्षक होतं, आणि पहिल्या दिवशीच्या फाइलमध्ये तडजोडीचा अर्थ आम्ही व्यवस्थित लिहून ठेवला होता, दोन्ही पक्षांच्या सहीने मिटलेलं प्रकरण. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "मी तडजोड नाही केली. कामावर अजून एक खाडा केला असता तर काढून टाकलं असतं, म्हणून सही केली." मग अजून दोघींनी तेच सांगितलं. आम्ही परत येऊन फाइलमधला अर्थ बदलला, सह्या झालेली सगळी प्रकरणं पुन्हा वाचून काढली, आणि कोडबुकमध्ये नवीन कॉलम घातला : सही करण्याच्या आधी किती तारखा झाल्या होत्या आणि त्यातल्या कितीमध्ये काहीच कामकाज झालं नव्हतं. रिपोर्ट दोन महिने उशिरा निघाला. त्या भागाचं शीर्षक आता "सही करून सोडलेली प्रकरणं" असं आहे.